चवडा दुखतो, तर गादी नेमकी कुठे ठेवायची?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. वय ५२. सहा महिन्यांपासून उजवा पाय पुढच्या बाजूला दुखतो. वर्गात तासभर उभी राहिले की तळव्याची आग होते आणि बुटात खडा गेलाय असं वाटतं. बूट काढून झटकते, तर आत काहीच नसतं. मधलं बोट आणि करंगळीच्या अलीकडचं बोट बधिर होतं. चोळलं की पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. शाळेत साडीवर दोन इंच टाचेची, पुढं निमुळती बेली घालते. घरी अनवाणीच. दुकानदारानं चवड्याखाली घालायची जेलची गादी दिली, तिनं दुखणं वाढलं. डॉक्टरांच्या गोळीनं चार दिवस बरं वाटतं. रक्तात युरिक ॲसिड ६.४ आलं, म्हणून घरच्यांनी डाळ बंद केली. जाऊबाई म्हणतात कॅल्शियम कमी आहे. साखर दोन वर्षांत तपासलेली नाही. ओळखीच्या एकांनी ही ‘नसेची गाठ’ असते असं सांगितलं, तेव्हापासून झोप लागत नाही. कॅन्सरची तर नसेल ना? ऑपरेशन लागेल का? सासूबाईंबरोबर या आषाढीला वारीला जायचं ठरवलंय. चार महिने आहेत. जमेल का?

उत्तर

नमस्कार बाई,

शिक्षिकेला बाई म्हणण्याची सवय जात नाही, म्हणून तसंच म्हणते.

आधी तुमच्या झोपेचं बघू. पायाच्या बाबतीत ज्याला नसेची गाठ म्हणतात, ती कॅन्सरची गाठ नसते आणि पुढे जाऊन कॅन्सर होत नाही. खरं तर ती गाठच नव्हे. दोन बोटांच्या बेचक्यातून जाणारी बारीक नस वर्षानुवर्षं चिमटत राहिली की तिच्याभोवतीचं आवरण जाड होतं, घट्टा पडावा तसं. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन या सर्जननं या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून पुढे कधी तुमच्या कागदावर ‘मॉर्टन्स न्यूरोमा’ असं लिहिलेलं दिसेल. नावाला घाबरू नका.

पत्रावरून निदान करता येत नाही, पाय हातात घ्यावा लागतो. पण तुम्ही लिहिलंय ते सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं. काहीही नसताना खडा टोचणं, आग, नेमकी शेजारशेजारची दोन बोटं बधिर होणं आणि बूट काढून चोळल्यावर आराम पडणं, हे नस बोलतेय. हाडाचं दुखणं असं बूट काढल्याबरोबर निवत नाही.

आता घरीच एक तपासणी करा. खुर्चीत बसून उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या. चवड्यांवर उभं राहून आपण फळीवरचा डबा काढतो, तेव्हा तळव्याचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो, तोच हा चवडा. तिथे अंगठ्याच्या टोकानं दाबत जा. पाच लांब हाडांची पाच डोकी हाताला लागतील आणि त्यांच्यामध्ये मऊ जागा. डोक्यावर दाबून दुखतं की मधल्या मऊ जागेत? मधलं बोट आणि चौथं बोट यांच्यामधल्या जागेत दाबल्यावर तीच आग, तीच मुंगी उठली, तर दुखणं नसेचं धरायला हरकत नाही. त्याच वेळी दुसऱ्या हातानं पाऊल दोन्ही बाजूंनी आवळून बघा. कधी कधी आत काहीतरी टक् करून सरकल्यासारखं वाटतं आणि बोटांत करंट जातो. डॉक्टरही हीच खूण शोधतात.

दाबून कुठं दुखतं याला मी इतकं महत्त्व देते, कारण ‘पाय पुढं दुखतो’ या एका तक्रारीत चार-पाच वेगळी दुखणी लपलेली असतात आणि सगळ्यांना तीच गोळी दिली जाते. अंगठ्याच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी, बरोबर हाडाखाली दुखत असेल, तिथं सूज असेल आणि ते बोट हळूहळू अंगठ्याकडे झुकू लागलं असेल, तर सांध्याखालची जाड पट्टी फाटत चाललेली असू शकते. त्यावर लवकर उपचार व्हायला हवेत. हे दुसरं हाड बहुतेकांच्या पायात सगळ्यात लांब असतं आणि मुळाशी घट्ट बसवलेलं असतं, त्यामुळे जास्तीचा भार तेच झेलतं. आपल्याकडे दुसरं बोट लांब असलेल्या मुलीविषयी नाही नाही ते बोललं जातं. त्या बोटाचा स्वभावाशी काडीचा संबंध नाही. काहींच्या पायात त्याचा संबंध असतो तो भाराशी, इतकंच. पावलाच्या वरच्या बाजूला, हाडाच्या मध्यावर बोट ठेवल्याबरोबर कळ येत असेल तर तिथं बारीक तडा गेलेला असू शकतो. त्याकडे वारीच्या वेळी परत येते. दोन्ही पायांचे चवडे दुखतात, सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली राहतात आणि हातांचीही बोटं सुजतात, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायचं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

मग दुकानदाराच्या गादीनं दुखणं का वाढलं? तो प्रामाणिकच असेल, दुखतं तिथं मऊ काहीतरी ठेवावं असं कुणालाही वाटतं. पण आधीच निमुळत्या बेलीत तुम्ही अजून एक जाड वस्तू कोंबली. जागा कमी झाली, बोटं जास्त आवळली गेली आणि उंचवटा दुखऱ्या जागेच्या बरोबर खाली आला. चवडा दुखतो तेव्हा आधार हवा असतो दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला. तिथे उंचवटा आला की मागची हाडं किंचित उचलली जातात, त्यांची डोकी थोडी फाकतात आणि मधल्या नसेला श्वास घ्यायला जागा मिळते. सेंटिमीटरभर फरकानं हीच गादी औषध होते किंवा त्रास होते. चार दुकानं फिरून महागडी गादी घेतलेले आणि ती चुकीच्या जागी लावून ‘काही उपयोग नाही’ म्हणून टाकून दिलेले कितीतरी लोक मी बघते, म्हणून हे सावकाश सांगते.

औषधाच्या किंवा ऑर्थोपेडिक सामानाच्या दुकानात ‘मेटाटार्सल पॅड’ मागा. थेंबाच्या आकाराचं, नमद्याचं किंवा फोमचं, पाच-सहा मिलिमीटर उंचीचं मिळतं. तुम्ही अंगठ्यानं शोधलेल्या दुखऱ्या जागेवर ओल्या कुंकवाचा ठिपका लावा. बुटातली सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर टाच नीट मागे टेकवून उभ्या राहा. कुंकवाचा डाग सोलवर उमटेल. पॅडची रुंद, गोल बाजू बोटांकडे ठेवायची आणि तिची कड त्या डागाच्या साधारण अर्धा सेंटिमीटर मागे आली पाहिजे, डागावर नाही. आधी साध्या चिकटपट्टीनं लावा आणि दोन दिवस चालून बघा. पहिल्या दिवशी पायाखाली गोटी असल्यासारखं वाटेल, ते चार-पाच दिवसांत जातं. आग वाढली तर पॅड पुढे सरकलंय, थोडं मागे घ्या. जागा जमली की मग पक्कं चिकटवा. चपलेत लावायचं असेल तर गावातल्या गटई कामगाराला डाग दाखवा. त्याला चार शब्दांत कळेल आणि तो रबराचा तुकडा तासून बसवून देईल.

पण बेलीत हे करू नका. त्या बेलीत पॅडला जागाच नाही, आणि खरं सांगायचं तर दुखण्याचं मूळ तीच आहे. टाच दोन इंच वर गेली की अंगाचा भार पुढे घसरतो आणि पुढे बोटांना दोन्ही बाजूंनी दाबलेलं असतं. पाऊल उचलताना बोटं वरच्या बाजूला दुमडतात, नस ताणली जाते आणि हाडांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीखाली घासते. वरून बाजूनं दाब. शाळेत दिवसातून अशी किती हजार पावलं पडत असतील! संध्याकाळी, पाय दिवसभराचे थोडे फुगलेले असताना, कोऱ्या कागदावर उभ्या राहा आणि कुणाला तरी पावलाभोवती पेन्सिल फिरवायला सांगा. त्या आकृतीवर तुमची बेली ठेवा. पाऊल कागदावर दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावताना दिसेल. तेवढं मांस आणि तेवढ्या नसा तुम्ही रोज त्या बेलीत घडी घालून बसवता. नवीन पादत्राण घेताना ही आकृती कापून दुकानात न्या आणि संध्याकाळीच जा. पुढं रुंद, टाच जवळजवळ सपाट, वरून पट्टा किंवा नाडी हवी, म्हणजे ते पायात राहावं म्हणून बोटांना आकडे करावे लागत नाहीत. सोल हातानं मध्यातून सहज दुमडत असेल तर घेऊ नका. वाकलंच तर बोटांच्या मुळाशी, आणि तेही थोडंच. साडीवर बूट कसे दिसतील हा प्रश्न मला समजतो. गडद रंगाच्या रुंद पट्ट्याच्या सँडल मिळतात, साडीखाली त्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत. कोल्हापुरीवर आपलं सगळ्यांचं प्रेम आहे, पण तिचा तळ पातळ आणि कडक असतो. बरं वाटेपर्यंत ती लग्नकार्यापुरती ठेवा. जोडवी जाड असतील तर बंद बुटात ती बोटांची जागा खातात, पाय सुजलेला असेल त्या दिवसांत उतरवून ठेवलेली बरी.

घरातल्या फरशीबद्दलही तेवढंच म्हणायचंय. तळव्याखाली चवड्याच्या जागी निसर्गानं चरबीची गादी दिलेली असते, ती वयाबरोबर पातळ होत जाते. शेणानं सारवलेली जमीन पायाखाली थोडी तरी दबते, फरशी अजिबात दबत नाही. सकाळी डबे आणि संध्याकाळी भाकरी, असा दोन-तीन तासांचा वेळ तुम्ही त्याच पातळ गादीवर उभ्या असता. स्वयंपाकघरात चप्पल नको वाटत असेल तर एक मऊ जोड फक्त घरासाठी ठेवा, धुवून, बाहेर कधीच न घातलेला. देवघरासमोर काढा आणि परत घाला. एमसीआर म्हणून मिळणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या चपला यासाठी चांगल्या, त्या कुष्ठरोगानं पाय बधिर झालेल्यांसाठी आपल्याकडे वापरात आल्या आणि आता मधुमेहींनाही देतात. भाजी निवडायला उकिडवं बसू नका, टाचा उचलल्या गेल्या की सगळा भार चवड्यांवर येतो. पाटावर किंवा खुर्चीत बसा.

पोटऱ्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही. वर्षानुवर्षं टाचेचं घातलं की पोटरीचा स्नायू आखडतो. मग चालताना टाच वेळेआधी उचलली जाते आणि चवड्यावर भार लवकर येऊन जास्त वेळ राहतो. भिंतीला दोन्ही हात टेका, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पाऊल सरळ पुढे. पोटरीत ताण येईपर्यंत पुढे झुका आणि ३० सेकंद थांबा. झटके द्यायचे नाहीत. असं तीनदा, सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही पायांनी. मग तेच मागचा गुडघा थोडा वाकवून. दीड-दोन महिने रोज केलं तरच फरक कळतो, आठवडाभर करून सोडलेल्या व्यायामाचा काही उपयोग होत नाही. शाळेतून आल्यावर बर्फाची बाटली कापडात गुंडाळून चवड्याखाली १५ मिनिटं फिरवा.

बर्फ असो की गरम पाणी, त्याआधी साखर तपासून घ्या. उपाशीपोटीची आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, दोन्ही. मधुमेहातही तळव्यांची आग होते, बोटं बधिर होतात. ती बहुतेक दोन्ही पायांना आणि बोटांच्या टोकांपासून सुरू होते, तुमची एकाच पायाची आणि दोनच बोटांची आहे, म्हणून मला ती शक्यता कमी वाटते. पण वयाच्या ५२व्या वर्षी दोन वर्षं साखर न बघणं बरोबर नाही. पाय बधिर असताना मिठाच्या गरम पाण्यात बुडवून भाजून घेतलेले पाय मी पाहिलेत. साखर निघाली तर गरम पाणी, कुरूप काढायच्या पट्ट्या आणि अनवाणी चालणं, तिन्ही बंद. त्याच रक्तात बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही बघा. जाऊबाईंचं म्हणणं अगदीच चूक नाही, पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात, पण कॅल्शियमच्या कमतरतेनं दोन बोटांच्या बेचक्यात आग होत नाही.

डाळ आजपासून सुरू करा. युरिक ॲसिडचा गाऊट अंगठ्याच्या मुळाशी, बहुधा रात्री एकाएकी उठतो. सांधा लाल, गरम होतो आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. तुमचं दुखणं तसं नाही. ६.४ हा आकडा बायकांसाठी किंचित जास्त धरला जातो, पण नुसत्या आकड्याला गाऊट म्हणत नाहीत आणि डाळी-कडधान्यं खाल्ल्यानं गाऊट वाढतो असं दिसलेलं नाही. भाकरीबरोबर आमटी सोडून तुम्ही फक्त प्रथिनं गमावताय.

वेदनाशामक गोळी अगदीच असह्य झालं तर दोन-चार दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांना विचारून. बूट तोच ठेवून महिनोन्‌महिने गोळी घेतली तर पोट आणि मूत्रपिंड बिघडतात, पाय तसाच राहतो.

सहा आठवडे बूट, पॅड आणि पोटरीचा व्यायाम नेटानं केल्यावर निम्मंसुद्धा बरं वाटलं नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. ते आधी उभं राहून काढलेला एक्स-रे आणि गरज वाटली तर सोनोग्राफी सांगतील. थेट एमआरआयसाठी धावू नका. काहीच तक्रार नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही अशी जाड नस दिसते, मग उगाच काळजी वाढते. त्यानंतरची पायरी स्टेरॉईडच्या इंजेक्शनची. त्यानं अनेकांना काही महिने चांगला आराम पडतो, पण ते परत परत घेतलं तर तळव्याची ती मोलाची चरबी झिजते आणि शेजारच्या पट्ट्या कमजोर होतात. एखादं ठीक, दर दोन महिन्यांनी नको. ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. लागलंच तर नस बहुधा काढून टाकतात, आणि मग त्या दोन बोटांमधली जागा कायमची बधिर राहते. काहींना कापलेल्या टोकाशी पुन्हा दुखतं. म्हणून ते शेवटी.

एरवी सहा आठवडे थांबायला हरकत नाही, पण पाय टेकवताच येत नाही, पाऊल लाल-गरम होऊन ताप आला, बोट काळं-निळं पडलं, किंवा साखर असताना तळव्याला जखम दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता वारी. जा. माझं मन तुम्हाला अडवायचं नाही, पण आळंदीपासून जाऊ नका. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात चालणं आहे आणि त्यातले मोठे टप्पे सुरुवातीलाच येतात. पुण्याहून सासवडला दिवेघाट चढताना तर सगळा जोर चवड्यांवर असतो. तुमच्या जिल्ह्यात माउलींची पालखी नीरा ओलांडून येते, लोणंदला, मग तरडगाव, फलटण. तुमच्या भागातल्या अनेक जणी तिथूनच सामील होतात. तुम्हीही लोणंदला दिंडी गाठा. लोणंद ते तरडगाव हा टप्पा लहान आहे, पायाचा अंदाज येईल. सासूबाईंना आळंदीपासूनच जायचं असेल तर त्यांना दिंडीतल्या बायकांच्या सोबतीनं पुढे जाऊ द्या.

त्याआधीचे चार महिने असे वापरा. पहिले सहा आठवडे पाय शांत करायचा, लांब चालायचं नाही. मग रोज अर्ध्या तासापासून सुरुवात, ज्या पादत्राणात वारी करायची तेच घालून. दर आठवड्याला थोडं वाढवा, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस दहा-बारा किलोमीटर चालून बघा, कारण वारीत दुसऱ्या दिवशीही चालायचं असतं. नवी कोरी चप्पल घालून निघू नका आणि अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो या वर्षी माउलींकडे माफ करून मागा.

आणि तो हाडाचा तडा. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं लांबचं कूच करून आलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांची नोंद केली. तेव्हा एक्स-रे नव्हता. ती सूज म्हणजे हाडांना गेलेले तडे, हे १८९७ मध्ये एक्स-रेनं दिसलं. सवय नसताना एकदम खूप चालणाऱ्या कुणालाही हे होतं आणि पन्नाशीनंतर बायकांना जास्त. वाटेत पावलाच्या वरच्या बाजूला सूज आली, एका हाडावर बोट ठेवलं की कळ येते आणि ती बूट काढूनही जात नाही, असं झालं तर तिथेच थांबा. कुणालाही त्यावर तेल चोळू देऊ नका, वाटेवर पाय चेपणारे स्वयंसेवक कितीही मायेनं पुढे आले तरी. पुढचा प्रवास दिंडीच्या ट्रकमधून करा आणि परतल्यावर डॉक्टरांना दाखवा. पहिले दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेत दिसतोच असं नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून चालायला लागू नका.

पॅड लावल्यावर पंधरा दिवसांनी मला दोन ओळी लिहा. कुंकवाचा डाग कुठं उमटला आणि पॅडची कड कुठं ठेवलीत, तेवढं कागदावर काढून पाठवलंत तरी पुरे.